पदकाच्या कडेवरचं नाव



आमच्या शाळेसमोरचा डांबरी रस्ता पुढे जाऊन जंगलात शिरतो. त्या रस्त्यावर कधी कधी सकाळी पोलीसदादा ओळीने चालताना दिसतात. सगळ्यांत पुढे चालणाऱ्याच्या हातात एक लांब दांडा असतो आणि दांड्याच्या खालच्या टोकाला ताटलीएवढं गोल चक्र. जमिनीपासून चार बोटं वर धरून तो ते चक्र डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत जातो. कानाला यंत्र लावलेलं असतं. चाल अगदी हळू. पहिल्या वर्गात नव्याने आलेल्या एका पोराने हे पाहिलं आणि मला विचारलं, "गुरुजी, हे रस्ता झाडून राहिले का जी?"

सगळा वर्ग खो-खो हसला. तिसरीतल्या एका मुलीने मोठ्या बहिणीच्या थाटात त्याला समजावलं, "अरे, ते जमिनीतलं लोखंड शोधते." त्यावर मागच्या रांगेतून आवाज आला, "लोखंडच काऊन? सोनं नाही का सापडत?"

हा शेवटचा प्रश्न तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात आला असेल. म्हणून आज त्या यंत्राची गोष्ट. आणि यंत्राला जे कळत नाही, त्याची गोष्ट त्याहून मोठी आहे.

त्या यंत्राला मराठीत धातुशोधक म्हणतात, पण बोलताना आपण सगळे मेटल डिटेक्टरच म्हणतो. मीही तेच म्हणणार. त्याच्या चक्रात तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्या तारेतून सतत दिशा बदलणारी वीज सोडली, की वेटोळ्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि तेही सारखं बदलत राहतं. हे क्षेत्र मातीत शिरतं. खाली नुसती माती असेल तर काहीच घडत नाही. पण खाली खिळा असेल, नाणं असेल, तर त्या धातूत विजेचे बारीक बारीक भोवरे उठतात. त्या भोवऱ्यांचं स्वतःचं एक इवलंसं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि वरचं वेटोळं ते ओळखतं. कानात 'टूंऽऽ' असा आवाज येतो. डोंगरासमोर हाक मारली की डोंगर हाक परत पाठवतो ना? तसंच हे. यंत्र हाक मारतं आणि धातू 'ओ' देतो. साध्या यंत्राला नाण्याएवढ्या वस्तूची 'ओ' फार तर वीत-दीड वीत खोलीवरून ऐकू येते. पाच हात खोल पुरलेल्या हंड्याच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं!

घरी एक प्रयोग करून पाहा. जुना मीडियम वेव्हचा छोटा रेडिओ आणि एक साधा कॅल्क्युलेटर घ्या. रेडिओ मीडियम वेव्हवर काट्याच्या अगदी शेवटच्या टोकाला, जिथे कुठलंही स्टेशन लागत नाही तिथे ठेवा. कॅल्क्युलेटर चालू करून रेडिओला टेकवा. एक बारीक गुणगुण ऐकू येईल. आता दोघांमधलं अंतर हळूहळू असं जुळवा, की ती गुणगुण जेमतेम ऐकू यावी. मग जवळ स्टीलचा डाव किंवा झारा आणा. आवाज बदलतो का पाहा. प्रत्येक रेडिओवर हे पहिल्या फटक्यात जमेलच असं नाही. दोन-चार वेळा खटपट करा.

हे यंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं ते एका माणसाचा जीव वाचवण्यासाठी. १८८१ च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर एकाने गोळी झाडली. गोळी पाठीत कुठे अडकली ते डॉक्टरांना समजेना. तेव्हा क्ष-किरण माहीत नव्हते. टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल तुम्हांला माहीत आहेत. त्यांनी घाईघाईने एक धातू शोधणारं यंत्र तयार केलं आणि ते अध्यक्षांच्या अंगावरून फिरवलं. यंत्र जिथे नेलं तिथे गुणगुणू लागलं! कारण अध्यक्ष ज्या पलंगावर होते, त्याच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय डॉक्टरांनी एकाच बाजूने तपासू दिलं आणि गोळी होती दुसऱ्या बाजूला. गारफिल्ड सप्टेंबरात वारले. यंत्र खोटं बोललं नव्हतं. धातू आहे म्हणालं, धातू होताच. तो कोणता आणि कोणाचा, हे सांगणं त्याचं कामच नाही.

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना वापरता येईल असं चांगलं यंत्र बनवलं ते युझेफ कोसात्स्की नावाच्या पोलंडच्या एका अधिकाऱ्याने. शत्रूने जमिनीत पुरलेले सुरुंग शोधायला ते हवं होतं. त्यांचा देश जर्मनांच्या ताब्यात होता आणि ते स्वतः ब्रिटनमध्ये होते. त्यांनी या शोधाचे हक्कही राखून ठेवले नाहीत. यंत्र ब्रिटिश सेनेला देऊन टाकलं. १९४२ च्या ऑक्टोबरात इजिप्तमध्ये अल् अलामीनची लढाई झाली, तेव्हा अशी शेकडो यंत्रं पुढे घेऊन सैनिकांनी सुरुंगांतून वाट काढली. त्या लढाईत भारतीय फौजही होती. पण यंत्र बनवणाऱ्याचं नाव मात्र युद्ध संपेपर्यंत गुप्त ठेवलं गेलं. नाव फुटलं असतं तर पोलंडमधल्या त्यांच्या घरच्या माणसांच्या जिवाला धोका होता.

युद्ध संपलं आणि हेच यंत्र छंदाचं झालं. इंग्लंड-अमेरिकेत सुटीच्या दिवशी लोक मेटल डिटेक्टर घेऊन समुद्रकिनाऱ्यावर जातात. किनाराच का? तिथे माणसं पोहतात, खेळतात. बोटातली अंगठी गळते, खिशातलं नाणं पडतं. वाळू ते झाकते आणि पुढच्या वादळात लाटाच ते वर आणतात. सापडतं काय म्हणाल, तर बहुतेक वेळा बाटल्यांची झाकणं, खिळे आणि डब्यांचे पत्रे! ओल्या वाळूत तर यंत्र उगाचच ओरडतं, कारण खाऱ्या पाण्यातून वीज वाहते. पण काही किनाऱ्यांवर महायुद्धात फौजा उतरल्या होत्या. ६ जून १९४४ ला फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या वाळूत लाखावर सैनिक एका दिवसात उतरले. अशा ठिकाणी झाकणं-खिळ्यांच्या ढिगात एखादं बटण, टोपीवरचा बिल्ला, सैनिकाच्या गळ्यातली ओळखीची चकती हाती लागते. मग छंद बाजूला राहतो आणि शोध सुरू होतो : ही कोणाची? त्याच्या घरचं आज कोण आहे? वस्तू घरी पोचवायची कशी?

आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीत समुद्र नाही. मुंबईचा समुद्र पाहायचा तर गाडीत रात्र काढावी लागते. वाळू आहे ती वैनगंगेची, प्राणहितेची, इंद्रावतीची. पण हरवलेली सैनिकाची खूण परत मिळण्याची आपल्या देशातली अलीकडची सगळ्यांत मोठी गोष्ट वाळूतली नाहीच. ती बर्फातली आहे.

२९ मे १९८४. सियाचिन हिमनदी. ऑपरेशन मेघदूत सुरू होऊन दीडच महिना झाला होता. १९ कुमाऊं पलटणीची एक तुकडी बर्फातून जात असताना तिच्यावर हिमकडा कोसळला. त्या तुकडीत लान्स नायक चंद्रशेखर हरबोला होते. काही जवानांचे देह शोधून काढता आले, पण चंद्रशेखर सापडले नाहीत. घरी पत्नी आणि दोन लहान मुली. मुली मोठ्या झाल्या, वर्षांमागून वर्षं गेली. अडतीस वर्षं! तुमच्यापैकी अनेकांचे आईबाबा तेव्हा जन्मलेही नव्हते. ऑगस्ट २०२२ मध्ये, देशभर स्वातंत्र्याच्या पंच्याहत्तरीचे झेंडे लागले होते त्याच दिवसांत, हिमनदीवरच्या एका जुन्या बंकरमध्ये सैनिकांना मानवी अवशेष दिसले. अडतीस वर्षांनी चेहरा कोण ओळखणार? पण सोबत धातूची एक चकती होती आणि त्या चकतीवर सेनेतला क्रमांक कोरलेला होता. सेनेच्या जुन्या नोंदींत तो क्रमांक शोधला. नाव निघालं. १७ ऑगस्टला हल्द्वानी गावी लष्करी मानवंदना देऊन अंत्यसंस्कार झाले.

चकती म्हणजे केवढी? पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी धरा. बाजारात विकायला नेली तर कबाडी दोन रुपयेही देणार नाही. पण तिच्यावर आकडे होते.

आकडे असूनही अर्धीच ओळख पटते, असंही होतं. २०१६ साली फ्रान्समधल्या रिशबूर गावाजवळ खोदकाम चालू असताना पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचे अवशेष सापडले. त्यांतले दोघे भारतीय आहेत हे कळलं, ते खांद्यावरच्या बिल्ल्यावरून. बिल्ल्यावर ३९ हा आकडा होता. ३९ म्हणजे गढवाल रायफल्स. पलटण कळली. पण ते दोघे कोण होते, कोणत्या गावचे होते, ते कळायला चकतीही नव्हती आणि कागदही नव्हता. शंभर वर्षांनी, २०१७ च्या नोव्हेंबरात, गढवाल पलटणीच्या लोकांच्या साक्षीने त्यांना तिथल्याच लष्करी दफनभूमीत सन्मानाने मूठमाती दिली. नावाशिवाय.

त्या गावापासून जवळच नव्ह शापेल नावाचं ठिकाण आहे. तिथे आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या ऑक्टोबर १९१४ मध्ये लढल्या होत्या. पूल बांधणारे, खंदक खणणारे हे जवान; त्या दिवशी त्यांना बंदुका घेऊन घराघरांतून लढावं लागलं. १९२७ मध्ये तिथे गोल भिंतीचं एक स्मारक उभं राहिलं आणि ज्यांचा देह सापडला नाही अशा ४,७०० हून जास्त भारतीयांची नावं त्या भिंतीवर कोरली गेली. आजही ती वाचता येतात.

तुम्ही म्हणाल, मग झालं की! सगळ्यांची नावं अशीच कुठेतरी कोरलेली असतील. नाहीत ना, हेच तर दुःख आहे.

त्याच महायुद्धात आपल्या साताऱ्याचे, रत्नागिरीचे, कोल्हापूरचे मराठे सर्वांत जास्त कुठे कामी आले असतील तर ते आजच्या इराकमध्ये. तेव्हा त्याला मेसोपोटेमिया म्हणत. तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कूत गावाला १९१५ च्या डिसेंबरात तुर्की फौजेने वेढा घातला. आत अडकलेल्या फौजेत १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. जवळजवळ पाच महिने वेढा चालला. धान्य संपलं, घोडे मारून खाण्याची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली. त्यानंतरच्या वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत किती जण गेले, ते वाचताना मोठ्या माणसाचाही घास अडकतो.

या सगळ्या मोहिमेत गेलेल्यांचं स्मारक बसऱ्याला उभारलं गेलं. गोऱ्या शिपायांची नावं तिथे कोरली. भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली. पण भारतीय शिपायांची? त्यांच्या पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. अमुक पलटण, इतके शिपाई. बस्स! हजारो माणसं अशी आकड्यात गेली. या स्मारकांची देखभाल करणारी जी संस्था आहे, त्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ मध्ये स्वतःच चौकशी अहवाल काढून मान्य केलं, की भारतीय आणि आफ्रिकी सैनिकांना इतरांसारखी वागणूक मिळाली नव्हती; एक लाखाहून जास्त माणसांची नावं कुठेच कोरलेली नाहीत. आता त्या नावांचा शोध सुरू आहे. शंभर वर्षांनी. उशिरा का होईना, चांगली गोष्ट आहे. पण मला विचाराल तर फार म्हणजे फार उशीर.

आपल्याकडेही तसंच. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे. तिथल्या घराघरांतून लोक सैन्यात जातात, म्हणून त्याचं नावच पडलं अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले. इंग्रजांनी गावात त्यांचं स्मारक उभारलं. अशा संगमरवरी पाट्या देशातल्या कितीतरी गावांत दिसतात. या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके परत आले नाहीत. वाचून पाहिलं तर संख्या असते, नावं बहुधा नसतात.

मग त्या साध्या शिपायाचं नाव धातूवर कुठे लिहिलेलं असेल?

असतं. त्याच्या पदकाच्या कडेवर.

पहिल्या महायुद्धानंतर लढलेल्या प्रत्येकाला पदकं मिळाली. त्यांतलं एक चांदीचं, सुमारे अडीच तोळ्यांचं, एका बाजूला इंग्रजांच्या राजाचं मुंडकं असलेलं. पदकाची पुढची आणि मागची बाजू सगळ्यांची सारखीच. पण नाण्याला जशी जाड कड असते तशी पदकालाही असते. त्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत त्या माणसाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. पुढून राजा, मागून घोडेस्वार आणि कडेवर आपला रामजी नाहीतर भिवा! मजूर, सामान वाहणारे असे जे फौजेबरोबर गेले, त्यांना तेच पदक चांदीऐवजी ब्राँझचं मिळालं. भेदभाव तिथेही. पण कड त्याही पदकाला असतेच.

आता विचार करा. बसऱ्याच्या दगडावर जो फक्त एक आकडा आहे, त्याचं पूर्ण नाव त्याच्या घरच्या लाकडी पेटीत, चिंधीत गुंडाळलेल्या पदकावर असू शकतं. आणि त्या पदकांचं झालं काय? दुष्काळात, लग्नात, आजारपणात किती तरी घरांनी ती सोनाराकडे नेली. चांदीच ती! वितळून जोडवी झाली, तोरड्या झाल्या. मी त्यांना नावं ठेवत नाही. घरात चूल पेटायची नसेल तर पदक काय कामाचं? फक्त एवढंच वाटतं, की मुशीत टाकण्याआधी कुणीतरी कडेवरचं वाचून कागदावर उतरवून घेतलं असतं तर!

मागे एका वर्षी आमच्या वर्गातल्या एका मुलीने किल्ल्यांचा जुडगा शाळेत आणला होता. जुडग्यात किल्ल्यांबरोबर एक काळपट गोल तुकडा ओवलेला. घरच्यांना वाटे, जुनं नाणं असेल. तिचे आबाजी सैन्यात होते, १९७१ च्या युद्धानंतर निवृत्त होऊन गावी आले आणि ती जन्मायच्या आधीच वारले, एवढंच तिला ठाऊक. आम्ही तो तुकडा मऊ फडक्याने पुसला. पुढे अशोकस्तंभ दिसला, 'संग्राम' अशी अक्षरं लागली. ते १९७१ च्या युद्धाचं संग्राम पदक होतं. मग मी तिला म्हटलं, आता कड बघ. खिडकीशी उजेडात नेऊन ती एकेक इंग्रजी अक्षर मोठ्याने वाचत गेली. आधी आकडे. मग हुद्दा. मग तिच्या आडनावाचं पहिलं अक्षर आलं आणि ती थांबली. वर्गात इतकी शांतता मी गणिताच्या तासालाही कधी ऐकली नाही. दुसऱ्या दिवशी जुडग्यात नुसत्या किल्ल्या होत्या. पदक तिच्या आजीने काढून घेतलं होतं.

आपल्या भागात असं पदक मिळणारच नाही, असं समजू नका. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, आणि विदर्भातले कितीतरी तरुण तेव्हापासून सैन्यात जात आले आहेत. शिवाय आपल्या पोलिसांना मिळालेली शौर्यपदकंही घराघरांत आहेत.

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत पेटी उघडली, की पत्र्याचा तुकडा म्हणून काही फेकण्याआधी घरच्या मोठ्यांना दाखवा. चिंचेने, राखेने, पितांबरीने घासू नका. चकाकी येईल, पण कडेवरची अक्षरं झिजतील. मऊ कोरडं फडकं पुरे. अक्षरं लागत नसतील तर पातळ कागदाची पट्टी कडेभोवती गुंडाळा आणि वरून शिसपेन्सिल आडवी धरून हलकेच घासा. अक्षरं कागदावर उमटतात. रिबनचे रंग लिहून ठेवा, कारण रंगांवरूनही पदक ओळखता येतं. पदकाविषयी आणखी विचारायचं असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय असतं. आईबाबांना तिथे चौकशी करायला सांगा. आणि सगळ्यांत आधी आजीला विचारा. आजीच्या आठवणीला कुठलंही कार्यालय पुरं पडत नाही.

पालकांसाठी दोन शब्द. मुलं हे वाचून 'मला मेटल डिटेक्टर पाहिजे' म्हणतील. घरी रेडिओचा प्रयोग करू द्या. पण चंद्रपूरचा परकोट, बल्लारपूरचा किल्ला, मार्कंड्याची देवळं अशा ठिकाणी खोदाखोद करणं कायद्याने गुन्हा आहे, मग ती छंद म्हणून असो की गुप्तधनाच्या नादाने. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हा कायदा १८७८ चा आहे. दहा रुपये तेव्हाचे!

आणि मुलांनो, आता जे सांगतो ते नीट ऐका. पोलीसदादा रस्त्यावर चक्र फिरवतात ते पदकं शोधायला नाही. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ रस्त्यात पुरलेल्या स्फोटकांनी पोलिसांची गाडी उडवली. पंधरा जवान आणि गाडीचा चालक असे सोळा जण गेले. त्यांतल्या अनेकांच्या घरी तुमच्याएवढी मुलं होती. आज परिस्थिती पुष्कळ निवळली आहे. पण जमिनीत आधी पुरलेली वस्तू आपोआप निघून जात नाही, आणि सगळ्याच वस्तूंत यंत्राला ऐकू येईल इतका धातूही नसतो. म्हणून तेंदूपत्त्याला, मोहफुलांना, गुरांमागे रानात गेलात आणि मातीतून वर आलेली वायर, डबा, पाइप, कुकर असं काही दिसलं, तर हात लावायचा नाही, दगड मारायचा नाही, काडीने उकरायचं नाही. आल्या पावली मागे फिरायचं, दुसऱ्या कुणाला तिकडे जाऊ द्यायचं नाही आणि गुरुजींना, पोलीस पाटलांना किंवा पोलिसांना सांगायचं. तुम्ही घाबरट ठरणार नाही. चक्र घेऊन पुढे चालणारा तो पोलीसदादासुद्धा 'टूंऽऽ' ऐकू आल्यावर आधी थांबतो.

राहता राहिला सोन्याचा प्रश्न. सोनंही सापडतं, यंत्राला सोनं, तांबं, लोखंड सगळं चालतं. मागच्या रांगेतल्या त्या पोराला मी हे सांगितलं तेव्हा तो एवढा खूश झाला, की पुढचं काही त्याने ऐकलंच नाही.

माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले आणि तिथेच पडले. वय बावीस. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या मोंतोने या गावाने २०२३ च्या जुलैत त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं. कोकणातल्या एका पोराचं नाव ऐंशी वर्षांनी परक्या गावातले लोक उन्हाकडे बघून वेळ पाहताना वाचतात. ही गोष्ट एवढी मोठी आहे, की तिला स्वतंत्र आठवडा द्यावा लागेल. पुढच्या खेपेला तीच सांगतो.

तोवर तुमच्या घरी, शेजारी, गावात कुणाकडे पदक, बिल्ला, चकती असेल, तर त्यांची परवानगी घेऊन कडेवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवा, इंग्रजीत असेल तर इंग्रजीत, आणि या पानाच्या पत्त्यावर पाठवा. वस्तू पाठवू नका, नुसता मजकूर. आणि पत्राखाली आपलं पूर्ण नाव, वर्ग आणि गाव लिहा बरं का. मागच्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तिघांनी फक्त 'तुमचा लाडका वाचक' एवढंच लिहून पाठवलं आहे!